पाटीवरचा तिसरा आकडा: लढाईची पाटी असलेल्या गावांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य आणि ग्रामसभेला येणारे (व न येणारेही) सर्व ग्रामस्थ,
सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि जिथे कुठे १९१४-१९ च्या लढाईची दगडी पाटी आहे ती सगळी गावे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गावात ती पाटी आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. कुठे ती चावडीच्या भिंतीत बसवली आहे, कुठे शाळेच्या ओट्याला, कुठे मारुतीच्या देवळाशेजारी. मजकूर जवळपास सारखाच. या गावातून इतकी माणसे महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि बहुतेक ठिकाणी नाव एकही नाही. आमच्या गावच्या पाटीला माझ्या डोळ्यांदेखत तीनदा ऑइलपेंट लागला, एका निवडणुकीत तिच्यावर उमेदवाराचा हसरा चेहराही चिकटला. तरी आकडे अजून वाचता येतात.

माझी तक्रार त्या आकड्यांबद्दलच आहे. गेले किती ते कळते, मेले किती ते कळते. धरले गेले किती, ते कुठेच नाही. कैदेत मेला त्याला 'प्राण दिले' मध्ये धरला का? ज्याचा ठावठिकाणाच लागला नाही तो कुठल्या रकान्यात? आणि जो कैदेतून हाडांचा सापळा होऊन परत आला, तो तर पहिल्या आकड्यात कुठेतरी बुजून गेला.

आमच्या घराला गावात 'तुर्काचं घर' म्हणतात. आम्ही शेतकरी मराठे, कुलदैवत जोतिबा. लहानपणी मला वाटे, घराण्यात कुणीतरी तापट माणूस होऊन गेला असणार. आठवीत असताना आजीने उलगडा केला. माझे पणजोबा एकशेदहा नंबरच्या पलटणीत होते. 'जर्मनच्या लढाईत', म्हणजे पहिल्या महायुद्धात, बसऱ्याकडे (आजच्या इराकात) गेले, तिथे धरले गेले आणि अडीच वर्षे तुर्कांच्या ताब्यात राहिले. ते १९१९ साली दारात उभे राहिले तेव्हा घरच्यांनी त्यांचे दिवस घालून वर्ष उलटले होते. पुढची गंमत आजी पदर तोंडाला लावून सांगायची: नवरा परत आला याचा आनंद दोन दिवस, आणि तिसऱ्या दिवशी भावकीत चर्चा की याने तिकडे घोडे खाल्ले म्हणतात, आता पंगतीला घ्यायचा कसा? शेवटी गावजेवण घातले तेव्हा कुठे पाट मिळाला. सरकारने दिलेले रुप्याचे पदक त्या जेवणाच्या उधारीपायी सोनाराकडे गेले.

घोडे त्यांनी का खाल्ले, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले. तेच थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याही गावात एखादे 'तुर्काचं घर' असेल.

त्या फौजेचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. माणसे सगळ्या मुलुखांतली होती. पंजाबी, रजपूत, गुरखे, गोऱ्यांच्या पलटणी. आणि आपल्याकडच्या तीन, १०३ नंबरची मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० नंबरची मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ नंबरची मराठा पलटण. या पलटणींत कोकणचे आणि देशावरचे मराठे होते, तसेच दख्खनी मुसलमानही होते. शिवाय खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी बांधकामवाल्यांच्या, कंपन्या. मेजर जनरल टाउनशेंड या साहेबाच्या हाताखाली ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदाद घ्यायला निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तुर्कांनी तिला अडवले. मागे फिरत फिरत ती ३ डिसेंबरला कुत-अल-अमारा या गावात शिरली. नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेले, मातीच्या घरांचे गाव. चार दिवसांत वेढा पडला आणि तो १४७ दिवस चालला.

उपासमार एकदम आली नाही. आधी रेशन निम्मे झाले, मग त्याच्या निम्मे. तोफांची नि गाड्यांची खेचरे, घोडी कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी मांस खाल्ले, आपल्यातल्या बहुतेकांनी कित्येक आठवडे नाकारले. भीती देवाची होती त्याहून जास्त गावच्या पंगतीची असावी, असे मला आजीची गोष्ट आठवून वाटते. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून 'आपद्धर्म म्हणून चालेल' असे निरोप मागवून ते बिनतारी यंत्रावरून वेढ्यात कळवले गेले. एप्रिलमध्ये, हातपाय गळाल्यावर, बहुतेकांनी खायला सुरुवात केली. तोपर्यंत ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून आपल्या माणसांत स्कर्व्ही पसरला होता. हिरड्या सुजून रक्त येणे, जुन्या जखमा पुन्हा उकलणे. नदीकाठी उगवणारे कसलेसे गवत उकडून ते खात.

आता त्यांना सोडवायला जे आले त्यांच्याबद्दल. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत जास्त विसरलेली माणसे हीच.

नदीच्या खालच्या अंगाने मदतीची फौज निघाली जानेवारी १९१६ मध्ये. तिच्यातही निम्म्याहून अधिक आपलेच लोक. फ्रान्सच्या खंदकांतून उचलून आणलेल्या पलटणी, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या, तंबू नाहीत, तोफा पुऱ्या आलेल्या नाहीत. घाई का? टाउनशेंडनी कळवले होते की रसद थोडेच दिवस पुरेल. जानेवारीच्या अखेरीस गावातली धान्याची पेवे धुंडाळली, जनावरांचा हिशेब केला, तेव्हा कळले की एप्रिलपर्यंत रेटता येईल. हा हिशेब डिसेंबरात झाला असता तर! पण तोवर शेख सादची लढाई झाली होती, वादीची झाली होती आणि २१ जानेवारीची हन्नाची झाली होती. हन्नाला एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल, मधल्या चिंचोळ्या सपाट पट्टीतून समोर चालत जायचे. आडोसा म्हणून झुडूपसुद्धा नाही. त्यात दिवसभर पाऊस. एका दिवसात सुमारे २,७०० माणसे पडली. जखमी रात्रभर चिखलात आणि गारठ्यात पडून होते.

त्या रात्रीची एक हकीकत सरकारी दप्तरात आहे. ४१ नंबरच्या डोग्रा पलटणीतला लान्स नाईक लाला याने शत्रूच्या खंदकासमोर पडलेल्या जखमी अधिकाऱ्यांना आणि शिपायांना मातीच्या छोट्याशा आडोशामागे ओढून घेतले, मलमपट्टी केली आणि थंडीने काकडणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर स्वतःचे कपडे काढून घातले. अंधार पडल्यावर त्याने एका अधिकाऱ्याला मागे नेले आणि स्ट्रेचर घेऊन परत येऊन दुसऱ्यालाही आणले. आठच दिवस आधी वादीला भोपाळ पलटणीच्या छत्ता सिंगने आपल्या जखमी साहेबाला गोळ्यांपासून झाकण्यासाठी उघड्या माळावर पाच तास स्वतःचे अंग मध्ये धरले होते. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही कुतमधल्या कुणाला ओळखत नसावेत.

८ मार्चला तर सुटका हाताशी आली होती. रातोरात चालून फौज पहाटे दुजैलाच्या गढीसमोर पोचली. कुतमधल्यांना तोफांचे लखलखाट दिसत होते. गढीत तुर्क नावापुरते होते. पण वरिष्ठांनी ठरवले की ठरल्याप्रमाणे आधी तोफा लागतील, मगच पायदळ पुढे जाईल. तोफा लागेपर्यंत तुर्कांची कुमक आली. पुन्हा साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली किंवा जखमी झाली. मी मास्तर माणूस, लष्करी डावपेचांत मला गती नाही. पण शिपाई उभे आहेत, समोर दार उघडे आहे आणि साहेब घड्याळ बघतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

एप्रिलमध्ये नदीला पूर आला आणि माणसे कमरेएवढ्या पाण्यातून लढली. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती लागली. २४ एप्रिलच्या रात्री 'ज्युलनार' नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन वेढा फोडायला निघाली, ती नदीत आडव्या बांधलेल्या पोलादी दोराला अडकली. अखेर साहेब लोक पैशांवर आले. तुर्की सेनापती खलील पाशाला आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख देऊ केले. बोलणी करायला गेलेल्यांत पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून नावाजलेला लॉरेन्सही होता. पाशाने नकार दिला आणि ही गोष्ट जगभर सांगितली.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडले. आत सुमारे १३,००० माणसे होती. त्यांना सोडवायला आलेल्यांपैकी मेलेले आणि जखमी मिळून २३,०००. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की मला काय म्हणायचे ते वेगळे सांगायला नको. तुमच्या पाटीवरच्या 'प्राण दिले' मध्ये या दुसऱ्या गटातलेही कुणी असेल, आणि त्याच्या पणतवंडांना ठाऊक नसेल की आपला माणूस कुणाला तरी सोडवायला गेला होता.

शरणागतीनंतर अगदीच आजारी असलेले हजारावर लोक अदलाबदलीत परत मिळाले. आणखी एकाची सुटका झाली, टाउनशेंड साहेबाच्या 'स्पॉट' या कुत्र्याची. पाशाने त्याला सन्मानाने इंग्रजांकडे रवाना केले. साहेब स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले आणि कैदेत असतानाच 'सर' झाले. बाकीच्यांना नदीच्या वरच्या अंगाला शुमरानच्या तळावर नेले. तिथे पहिले अन्न म्हणून दगडासारखी कडक बिस्किटे मिळाली. महिनोन्‌महिने उपाशी आतड्यांना ती सोसली नाहीत, आणि माणसे तळावरच मरू लागली. अधिकाऱ्यांना शिपायांपासून वेगळे काढले. मग पायी तांडा. बगदाद, तिथून समारापर्यंत आगगाडी, आणि पुढे टिक्रित, मोसुल, नुसैबिन करत रास-अल-ऐन. जून-जुलैचे वाळवंट, बूट विकून भाकरी घेतलेली, मागे पडला त्याच्या पाठीत काठी. रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेचे काम चालू होते. रूळ टाकायला, माती ओढायला हेच कैदी. तिथेच त्यांनी आर्मेनियन लोकांच्या कत्तलींच्या खुणा पाहिल्या. बंगाल अँब्युलन्स कोअरचे शिशिर सर्वाधिकारी हे त्या तांड्यात होते. त्यांनी रोजनिशीची पाने फाडून बुटात लपवली म्हणून आज हे इतके तपशिलात ठाऊक आहे. आपल्या पलटणींतल्या माणसांच्या बुटांत पाने नव्हती. बहुतेकांना लिहिताही येत नव्हते.

कैदेतून गोऱ्या शिपायांपैकी सुमारे ७० टक्के परत आले नाहीत. हिंदी लोकांतले सुमारे ३,००० मेले किंवा बेपत्ता राहिले. यांतल्या 'बेपत्ता'ची संख्या 'मेले' पेक्षा जास्त आहे. आणि हे सगळे बंदूकधारी शिपाई नव्हते. कुतमध्ये पकडलेल्यांत तीन हजारांहून अधिक भिस्ती, जखमींना वाहून नेणारे डोलीवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, धोबी, सफाईवाले होते. पाट्या लावताना त्यांची मोजदाद कुणी कशी केली, देव जाणे.

सुटका शेवटी झाली ती कागदावर. ३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कांशी झालेल्या मुद्रोसच्या तहात चौथे कलम होते, सगळे युद्धकैदी विनाअट परत करायचे. चार दिवस आधी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांचे भालाईत स्वार हलबच्या (अलेप्पोच्या) उत्तरेला हरितानपर्यंत धडकले होते. आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते. कैद्यांचा तांडा १९१६ साली ज्या वाटेने मोसुलकडे हाकत नेला, त्याच वाटेवर शरकात आहे. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तिथे लढली ती ११४ नंबरची मराठा पलटण. तिथल्या तुर्की फौजेने हत्यारे खाली ठेवली तीही ३० ऑक्टोबरलाच. अडीच वर्षे उशिरा का होईना, आपले लोक त्या रस्त्याला लागले होते. ११७ नंबरच्या पलटणीला पुढे १९२१ मध्ये 'रॉयल' किताब मिळाला. कैद होणे ही लाजेची गोष्ट असती तर राजाने तो दिला नसता, एवढे तरी आपल्या भावकीला सांगायला उपयोगी पडेल.

कारण लाज होती, हे मान्य करू या. मेलेल्याचा गावाला अभिमान असतो, पदकवाल्याचा तर असतोच. शरण गेलेल्याचे काय करायचे ते गावाला कळत नाही. मग त्याला टोपणनाव देतात.

काही जण म्हणतील, गुरुजी, ते इंग्रजांच्या पगारावर लढले, त्यांचे कौतुक कशाला? पगार महिना ११ रुपये होता, आणि दुष्काळी माणदेशातल्या किंवा कोकणातल्या घराला तेवढ्यावर वर्षाचा शेतसारा भागायचा. शिवाय टिळकांनी १९१८ मध्ये भरतीबद्दल स्वराज्याच्या अटी घालून सरकारशी वाद मांडला होता, तो या माणसांच्या जिवावरच. मी कौतुक करा म्हणतच नाही. नावे लिहा म्हणतो.

बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट ठाऊक असावी. तिथे ४०,००० हून अधिक जणांची आठवण ठेवली आहे. गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून असल्या भेदभावाची माफी मागितली. म्हणजे बसऱ्यातला आकडा आणि आपल्या चावडीतला आकडा एकाच वळणाचे. त्यांचे त्यांनी बघितले. चावडी आपली आहे.

करायचे काय? पाटी उखडू नका, घासू नका, तिच्यावर ग्रॅनाइटची फरशी तर मुळीच लावू नका. तिच्या शेजारी दुसरी लावा. नावे गोळा करायला वाटते तितके अवघड नाही. ज्या घरात ते जुने रुप्याचे पदक आहे त्यांना ते भिंगाखाली धरायला सांगा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तळावरच्या बिनहत्यारी लोकांना तेच पदक काशाचे मिळे, म्हणून ते खोटे समजून फेकू नका. त्या आयोगाची मृतांची यादी नेटवर फुकट आहे, तिच्यात मराठा पलटणींचे नाव घालून शोधता येते. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका दिला आहे. इंग्रज कारकुनाने स्पेलिंगची पार भाकरी-चटणी केली आहे, त्यामुळे मुंबईत बसलेल्या माणसाला ते गाव ओळखू येणार नाही. मोठ्याने वाचून दाखवले तर तुमच्या म्हाताऱ्यांना येईल. पंजाबच्या ३,२०,००० शिपायांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या, त्या आता लोकांना नेटवर पाहता येऊ लागल्या आहेत. साताऱ्यातल्या अपशिंगेसारख्या गावाला आपले पहिल्या महायुद्धातले ४६ जण आजही पाठ आहेत, तिथून सुरुवात कशी करायची ते विचारता येईल.

आणि नव्या पाटीवर रकाने वाढवा. कैद झालेला. बेपत्ता. कैद्यांना सोडवायला गेला तो. शिपाई नसलेला, पण गेलेला. ज्याचे नुसते टोपणनाव उरले आहे त्याचे टोपणनाव लिहा, त्यात कमीपणा नाही.

आमच्या ग्रामसभेत मी हा विषय १५ ऑगस्टला मांडला. पाणीपुरवठ्याचा वाद दोन तास चालला, माझा नंबर शेवटी आला, तेव्हा जेमतेम कोरम होता. सरपंच बाईंनी विचारले, "गुरुजी, नावं किती जमलीत?" म्हटले, सध्या एकच. त्यावर मागून एक म्हातारा उठला. खालच्या आळीत एका घराला 'डोलीवाल्याचं' म्हणतात, का म्हणतात ते त्यालाही ठाऊक नव्हते. लग्नाच्या डोलीमुळे असेल, असे त्या घरातली पोरे समजतात. घरात ट्रंक आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली मुंबईला थोरल्याकडे. दिवाळीत तो गावी येतो, तेव्हा जाणार आहे.

आपला,
तुर्काच्या घरचा एक निवृत्त शिक्षक